एक मात्रा जास्त

रुपालीचा फोन आला तेव्हा मी क्लासच्या जिन्यात होते, आणि ती इतकी हसत होती की हे आपल्याबद्दल चाललंय हे मला आधी कळलंच नाही. रुपाली माझी जुनी विद्यार्थिनी, आता जपानात एका वृद्धाश्रमात कामाला आहे. तिथं गेल्या गेल्या तिचा पाय मुरगळला, म्हणून तिनं रस्त्यात एका बाईंना हॉस्पिटल कुठे आहे ते विचारलं. बाई भली निघाली. हाताला धरून घेऊन गेली, एक काचेचं दार उघडून तिला खुर्चीत बसवलं, आणि कोणीतरी येऊन रुपालीच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला. ब्यूटी पार्लर. "मॅडम, आपण बियोऽइन म्हणायचो ना, इथं हॉस्पिटलला ब्योऽइन म्हणतात. बियोऽइन म्हणजे पार्लर. अजून चिडवतात मला सगळे. पण केस छान कापले हो." मीही हसले. हसायला हवं होतं म्हणून हसले. मग फोन पर्समध्ये टाकला आणि कठडा धरून तिथंच उभी राहिले. खालच्या मजल्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं वर बघून विचारलं, काय मॅडम, दम लागला का. म्हटलं, हो, वय झालं.

खरं म्हणजे हे मला माहीत नव्हतं असं नाही, आणि तोच तर ताप आहे. ही शब्दांची जोडी प्रत्येक जपानीच्या मास्तराला माहीत असते. मी ती दर वर्षी फळ्यावर लिहिते, हॉस्पिटल आणि पार्लर, चार मात्रा आणि पाच मात्रा, बोटांवर मोजून दाखवते, मुली हसतात, मी पुसते. आणि पुसून झालं की आम्ही गाणं म्हणतो, आणि त्या गाण्यात मी स्वतः, माझ्या स्वतःच्या गळ्यानं, पाच मात्रा गाते. जिन्यात उभ्या उभ्या मी ती ओळ पुटपुटून पाहिली. बि-यो-ओ-इ-न. परत पाहिली. काही केल्या चार होईनात, कारण चार केल्या की चालीला खड्डा पडत होता. ओळ होती, मी हॉस्पिटलमध्ये इतकी वर्षं काम केलं, इतकीच. मुलाखतीत स्वतःची ओळख करून द्यायचं गाणं. आपलं नाव घालायचं, गाव घालायचं, वर्षं घालायची, आणि म्हणून टाकायचं. किती तुकड्या हे गाणं गात गात विमानात बसल्या असतील. हात बरोबर लिहितो आणि गळा चुकीचं गातो, आणि मुली अर्थातच गळ्याकडून शिकतात. फळ्याकडून कोण शिकलंय आजवर.

ती मात्रा कुठून आली हे शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. बाबांची गायन पार्टी होती. दिवसभर कारखान्यात असायचे, आणि संध्याकाळी विश्रांतवाडीत आमच्या विहारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पेटी घेऊन बसायचे. दशरथ मास्तर म्हणायचे त्यांना, शाळेत सातवीपुढे गेले नव्हते तरी. आम्ही पोरं कोरसला. जयंती जवळ आली की तालमी रंगायच्या, आणि कोणी नवं पोरगं 'धर्म' म्हणताना अडखळलं की बाबा पेटी थांबवायचे आणि सांगायचे, बाळा, जोडाक्षर घशात अडकतं, गाताना त्याची गाठ सोडायची, बोलताना परत बांधायची. मग ते पोरगं 'धरम' म्हणायचं आणि ढोलकी सुटायची. जन्माचं जनम, रत्नाचं रतन. यात चूक काही नव्हतं, सगळा मुलूख असंच गातो. मी एवढी शिकले, जपानला दोनदा जाऊन आले, पण चाल बांधायला बसले की बाबाच माझ्या गळ्यात येऊन बसतात, आणि त्या 'ब्यो'ची गाठ त्यांनी हलक्या हातानं सोडून टाकली होती. परत बांधायची असते हे मुलींना कोण सांगणार. त्यांना वाटलं, शब्दच तसा आहे.

क्लासच्या या पेठेत मी पहिल्यांदा शिकवायला आले तेव्हा एक वयस्कर गृहस्थ माझं आडनाव ऐकून घेऊन मग म्हणाले होते, जपानी का बरं, बुद्धामुळे का. मी म्हटलं, नाही, नोकरीमुळे. तेव्हापासून माझं या पेठेशी बरं जमतं. आमचे अभय सर, म्हणजे क्लास त्यांचा, माझ्या गाण्यांना आधी नाक मुरडायचे. कल्याणी मॅडमच्या वर्गात शिरताना चपला काढाव्यात की काय कळत नाही, असं ते पालकांसमोर म्हणायचे. पण माझ्या मुली निवडल्या जायला लागल्या तेव्हा गप्प झाले. आठवड्याचे वार, शरीराचे अवयव, आजारांची नावं, सगळ्याला मी चाली लावल्या. पुस्तकाला घाबरणाऱ्या मुली माझ्याकडे पाठवायचे. पायल अशीच आली.

पायल लोणी काळभोरची. हायवेवरच्या एका हॉस्पिटलात तीन वर्षं वॉर्डात मदतनीस होती. म्हाताऱ्यांना उठवणं, बसवणं, पुसून काढणं, भरवणं, बीपी-टेंपरेचर बघणं, सगळं करायची. डिग्री काही नाही. कागदावर तिच्याकडे दाखवण्यासारखी एकच गोष्ट, ती तीन वर्षं. दुसऱ्या एका क्लासनं तिला महिनाभरात सांगितलं होतं की हे तुझं काम नाही. पुस्तक उघडलं की अक्षरं हालत्यात, असं ती म्हणायची. पण गाणं एकदा ऐकलं की तिच्याकडून जात नसे. पहिल्या मुलाखतीच्या वेळी गाणी अर्धीच झाली होती, ती मुकी बसून राहिली आणि पडली. दोनदा पडलं की मुलींना जपानात पाठवणारी एजन्सी नाव काढून टाकते. हॉस्पिटलची नोकरी ती सोडून आली होती, तिथं तिच्या जागी दुसरी लागलीसुद्धा. म्हणजे उरली होती ती ही एक मुलाखत, आणि ती उद्या सकाळी होती. उद्या सकाळी पायल एका जपानी बाईला सांगणार होती की मी ब्यूटी पार्लरमध्ये तीन वर्षं काम केलंय, मला म्हाताऱ्यांची सेवा करायला घ्या.

आता वर्गात जाऊन सांगावं की सांगू नये. जिन्याच्या उरलेल्या पायऱ्या मी या एका प्रश्नावर चढले. सांगितलं तर मुली डळमळतील. नाही सांगितलं तर मी कसली मास्तर. यातलं दुसरं वाक्य मला जास्त टोचलं, आणि ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. मुलींच्या काळजीपेक्षा स्वतःची काळजी मोठी झाली की माणूस फार तत्त्वाचं बोलायला लागतं. मी वर्गात गेले, पंखा लावला, आणि खडू उचलला.

बाकीच्या मुली हसल्या. पार्लरमध्ये तीन वर्षं, मग फेशियल पण येतं म्हणून सांगू का, असं एक जण म्हणाली, आणि सगळ्यांनी टाळी देऊन शब्द दुरुस्त करून घेतला. त्यांना गाणं म्हणजे शिडी होती, वर चढल्यावर कोण बघतं शिडीकडे. पायल हसली नाही. तिनं गाणं पहिल्यापासून सुरू केलं, नाव आलं, गाव आलं, आणि त्या शब्दापाशी येऊन ती थांबली. परत पहिल्यापासून. परत तिथंच. मी म्हटलं, अगं, एक मात्रा कमी झालीय तिथं टाळी मार. तिनं टाळी मारली आणि टाळीबरोबर पुढचं सगळं पुसलं गेलं. किती वर्षं ते आठवेना, जपानला का जायचंय ते आठवेना, घरी कोण कोण असतं तेही आठवेना. मी म्हटलं, गाणं सोड, सरळ बोल. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. मी म्हटलं, बरं, जुनंच म्हण. पण आता जुनंही येईना, कारण जुनं चुकीचं आहे हे तिला कळलं होतं, आणि कळलेलं काही परत घेता येत नाही. ती बाकावरून उठली, ओढणी नीट केली आणि अगदी हळू म्हणाली, "मॅडम, कालपातूर येत हुतं मला."

अभय सर दारात उभं राहून ऐकत होते. मुलाखतीच्या आदल्या दिवशी व्याकरण बदलायची काही खास परंपरा आहे का जपानमध्ये, असं त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता गेले.

दुपारच्या बसला बसायला जागा मिळाली, तरी मला स्वस्थ बसवेना. खिडकीतून संगम पूल गेला, बंद पडलेल्या सिग्नलपाशी अडकलेली माणसं गेली, आणि माझ्या डोक्यात एकामागून एक माझी सगळी गाणी सुरू झाली. अवयवांच्या गाण्यात कुठे गाठ सोडलीय. वारांच्या गाण्यात कुठे ओढलंय. आजारांच्या गाण्यात तर मी दोन शब्द हेल काढून म्हणते, तिथं लांबी बदलली तर अर्थ काय होतो, मला धड आठवेना. मी ओठ हलवून मोजायला लागले आणि शेजारची बाई मी जप करतेय असं समजून जरा सरकून बसली. मला जपानभर पसरलेल्या माझ्या मुली दिसायला लागल्या. पाणी मागतायत आणि कोणी भलतंच हातात देतंय, आणि त्याही मुकाट घेतायत. कोणाला त्या काहीतरी प्रेमानं सांगतायत आणि समोरचा म्हातारा मान हलवतोय, कारण जपानी माणूस तोंडावर चूक दाखवत नाही. रुपाली निदान हसली. बाकीच्या हसल्या असतील का. की कोणी एकटी खोलीत बसून विचार करत असेल की आपण असं काय म्हटलं. बस येरवड्याच्या पुढे आली तरी मी एकच ओळ मोजत होते.

शाळेत एकदा मी फळ्यावर 'जनम' लिहिलं होतं. बाईंनी श्रुतलेखनाला वाक्य सांगितलं आणि मी कोरसमध्ये जसं म्हणायचे तसं लिहिलं, इतक्या विश्वासानं की खडू मोडला. बाई वाईट नव्हत्या. त्या फक्त म्हणाल्या, शुद्ध बोलायचं घरात कोणी सांगत नाही वाटतं. वर्ग हसला. मी घरी येऊन बाबांवर चिडले, तुमच्यामुळे झालं म्हणाले, पाय आपटले. त्या दिवशी बाबा तालमीला बसले आणि त्यांनी पहिल्यांदाच सगळी जोडाक्षरं घट्ट बांधून गायलं. धर्म. जन्म. रत्न. एक एक शब्द स्वच्छ, आणि चाल लंगडत चाललेली. ढोलकीवाल्या रंगरावांनी दोनदा ठेका सांभाळून घेतला आणि मग हात मांडीवर ठेवून दिले. बाबांचा चेहरा असा झाला होता की मला तो बघवेना. मी जाऊन त्यांच्या कानात सांगितलं, बाबा, पहिल्यासारखंच म्हणा ना. ते म्हणाले, चुकतं म्हणतात ना ते. मी म्हटलं, चुकू दे. तेव्हा मला एवढी अक्कल होती. नंतर शिकले.

सकाळी मुलाखतीला मला खोलीत बसवलं ते माझ्या हुशारीसाठी नाही. क्लासचा लॅपटॉप जुना, बॅटरी गेलेली, आणि भिंतीतलं सॉकेट इतकं ढिलं की प्लग कोणीतरी दाबून धरावा लागतो. मी खाली बुटक्या स्टुलावर बसून प्लग दाबून धरायचा, कॅमेऱ्यात यायचं नाही, तोंडातून ब्र काढायचा नाही. खोलीत दुसरं कोणी बोलल्याचं कळलं तर मुलाखत तिथंच रद्द, हे एजन्सीनं मोठ्या अक्षरात कळवलं होतं आणि अभय सरांनी मला त्याहून मोठ्या आवाजात. मुली एक एक करून आल्या, बोलल्या, गेल्या. सगळ्यांनी चार मात्रा बरोबर म्हटल्या. मग पायल आली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

पडद्यावर मोरिता नावाच्या बाई होत्या. केस पांढरे, अंगात मळखाऊ स्वेटर, मागे खिडकीत बर्फाचा ढीग. त्या सावकाश बोलत. पायलनं वाकून नमस्कार केला, नाव सांगितलं, गाव सांगितलं. लोणी काळभोर हे चार वेळा सांगावं लागलं, त्याचं काही नाही. मग बाईंनी कामाबद्दल विचारलं. पायल म्हणाली, मी, आणि थांबली.

ती थांबली आणि खोलीतला प्रत्येक आवाज मोठा झाला. पंख्याची टकटक, खाली झेरॉक्सचं मशीन, माझ्या हाताखाली कोमट झालेला प्लग. मोरिता बाई वाट बघत होत्या. मला पायलचा चेहरा दिसत नव्हता, फक्त टेबलाखालचे पाय दिसत होते, आणि ते पाय ताल शोधत होते. अंगठा उचलायचा, खाली यायचा, आणि त्या एका जागी येऊन हवेतच राहायचा. परत पहिल्यापासून. परत तिथंच. मोरिता बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला, आणखी हळू. काल जर मी गप्प बसले असते तर ही पोरगी आत्ता बोलत असती. चुकीचं का होईना, बोलत असती.

आणि मी गुणगुणले. ठरवून नाही. म्हणजे ठरवून नाही असं मी अभय सरांना सांगितलं. तोंड मिटलेलं होतं, नुसती चाल नाकातून आली. जुनी, सैल, पाच मात्रांची, जशी ती पहिल्या दिवशी होती तशी.

पायलचा अंगठा खाली आला. ती बोलायला लागली आणि मग थांबली नाही. बियोऽइनमध्ये तीन वर्षं काम केलं. पार्लरमध्ये तीन वर्षं काम केलं, म्हातारी माणसं उठवली, अंग पुसलं, चादरी बदलल्या, गोळ्या दिल्या, रात्री त्यांच्याजवळ बसले. सगळं एका दमात, स्वच्छ, सुरात. मोरिता बाईंनी मान तिरकी केली. त्यांनी विचारलं, पार्लरमध्ये? चादरी? त्यांनी दोन बोटांची कात्री करून आपल्या पांढऱ्या केसांजवळ चालवून दाखवली. पायलला कळलं काय झालं ते. मला वाटलं, आता संपलं. पण तिनं स्वतःचा दंड पकडला, त्याच्याभोवती हात गोल फिरवून पट्टा गुंडाळला, हवेत फुगा दाबला, बीपी बघितलं. कोणाला तरी काखेत हात घालून उठवलं. त्याची पाठ चोळली. मोरिता बाई म्हणाल्या, अच्छा, ब्योऽइन. "ब्योऽइन," पायल म्हणाली. एका झटक्यात. चार मात्रा, घट्ट गाठ, आणि चालीशी काही संबंध नाही. मी आठ महिने काय करत होते असं मला वाटलं, आणि आनंदाबरोबर चक्क हेवाही वाटला. एका बाईनं एकदा सांगितलं आणि तिनं घेतलं.

पुढची दोन उत्तरं बरी गेली. मग मोरिता बाई पडद्याजवळ वाकल्या आणि त्यांनी विचारलं की तिथं मगाशी कोणी गात होतं का.

पायलनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नाही म्हण, असं मी डोळ्यांनी सांगितलं, हात जोडायचे होते पण हातात प्लग होता. नाही हा शब्द सोपा आहे, पहिल्या धड्यातला आहे, त्याला चालसुद्धा लागत नाही. दाराच्या फटीत अभय सरांचा बूट दिसत होता. एका शब्दाचा प्रश्न होता आणि तिचं सगळं त्या शब्दावर होतं.

पायल पडद्याकडे वळली. "सेन्सेइ देस," ती म्हणाली. आमच्या मॅडम आहेत. मग एकेक शब्द हातानं चाचपून ठेवल्यासारखा ठेवत म्हणाली, "वाताशी योरी... शिम्पाइ शिते इमास." माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त काळजी लागलीय. हे वाक्य मी शिकवलेलं नव्हतं. शिम्पाइ हा शब्द माझ्या एकाही गाण्यात नाही. कुठून उचलला असेल, बहुधा मीच वर्गात येता-जाता स्वतःशी पुटपुटत असेन. पण वाक्य तिचं होतं, बेसूर आणि बरोबर.

मोरिता बाई हसायला लागल्या. तोंडावर हात ठेवून बराच वेळ हसल्या, मग चष्मा पुसला आणि पायलशी पुष्कळ काही बोलल्या. सावकाश, सोपं जपानी. पण माझ्या कानात नुसतं घूं होत होतं, आणि मला त्यातलं एक अक्षर लागेल तर शपथ. पायल मान हलवत ऐकत राहिली, वाकून नमस्कार केला, आणि मला जपानी येत नाही असं धरून चालल्यासारखी माझ्याकडे वळून तिनं समजावून सांगितलं.

"मॅडम, त्या म्हनत्यात, मॅडमना सांगा काळजी करू नका. बर्फ वितळला की एप्रिलमधी मला बोलावून घेत्यात."

वीस वर्षं जपानी शिकवतेय मी. प्लगवरचा हात न काढता मी तिला विचारलं, "नक्की असंच म्हणाल्या ना गं?"